घर कोणाचं, ते आधी विचारा

सुट्ट्या लागल्या की वाचकांची एकाच धाटणीची पत्रं येऊ लागतात. ‘मुलांना घेऊन वाडा बघायला गेलो, दाराला कुलूप.’ ‘तिकीट काढून आत गेलो तेव्हा कळलं, वरचा मजला बंद.’ ‘फोटो काढला म्हणून चारचौघांत ओरडा खाल्ला, पाटी मात्र कुठेच नव्हती.’ एका बाईंनी तर विचारलं होतं, की ते घर खासगी आहे असं दारातल्या माणसानं सांगितलं, मग लोक तिथले फोटो टाकतात ते काय भिंतीवरून उड्या मारून?

किल्ल्याला कुलूप नसतं. देवळाची वेळ गावात कुणीही सांगतं. जुन्या घराचं मात्र तसं नाही. घर म्हटलं की मालक आला, किल्ली आली, दुपारची झोप आली. त्यामुळे जुनं घर पाहायला निघालात तर वेळ, तिकीट, फोटो, पार्किंग हे सगळं मागाहून. पहिला प्रश्न एकच: हे घर आज कोणाच्या ताब्यात आहे? त्याचं उत्तर मिळालं की बाकीची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

ताबा कोणाचा, तसे नियम

आपल्याकडची पाहण्याजोगी घरं साधारण पाच प्रकारच्या हातांत आहेत.

- केंद्राचं पुरातत्त्व खातं. आवारात निळी पाटी दिसली की समजायचं. पुण्याचा आगाखान पॅलेस या गटातला. 1892 साली बांधलेल्या या वाड्यात 1942 ते 1944 गांधीजी स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथेच गेले. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. इथे तिकीट, वेळ, नियम सगळं ठरलेलं आणि छापील असतं.
- राज्याचं पुरातत्त्व खातं. रत्नागिरीतलं टिळकांचं जन्मस्थान, तिथलाच थिबा राजवाडा, सिंदखेडराजातला लखुजी जाधवांचा राजवाडा. राज्याच्या बहुतेक संग्रहालयांना सोमवारी सुट्टी असते, हे पाठ करून ठेवा. थिबा राजवाड्यात संग्रहालयच आहे.
- महापालिका. पुण्यातला विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावानं 1807 मध्ये बांधायला घेतला. पुढे यात संस्कृत पाठशाळा आली, 1879 मध्ये आग लागली, मग सरकारी कचेऱ्या आल्या. पालिकेच्या वास्तूत दुरुस्तीचं काम निघालं की ते किती दिवस चालेल याचा भरवसा देऊ नये.
- न्यास किंवा संस्था. मुंबईचं मणिभवन, पुण्याचा केसरीवाडा, वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम. तिकीट बहुधा नसतं किंवा नाममात्र असतं, माणसं आपुलकीची असतात. मात्र उत्सव, पुण्यतिथी, कार्यक्रम यांमुळे वेळापत्रक हलतं.
- खासगी मालक. वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, सावंतवाडीचा राजवाडा, गोव्यात चांदोरचं ब्रागांझा घर. इथे तुम्ही पाहुणे असता. पैसे देऊन आलात तरीही.

काही घरं दोन गटांत पाय ठेवून असतात. दादरच्या हिंदू कॉलनीतलं ‘राजगृह’ घ्या. बाबासाहेबांनी हे घर पुस्तकांसाठी बांधलं म्हटलं तरी चालेल. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू पाहता येतात, पण ते आंबेडकर कुटुंबाचं घरही आहे. जिन्यापाशी थांबायला सांगितलं तर वाद घालायचा नाही. वर कुणाचा तरी स्वयंपाक चालू असतो.

नावाचे घोटाळे

पत्ता नीट न पाहिल्यामुळे वाया गेलेल्या सहली मी इतक्या ऐकल्या आहेत, की यावर चार ओळी खर्च करणं भाग आहे.

*फुले वाडा आणि भिडे वाडा एक नव्हेत.* जोतीराव आणि सावित्रीबाई राहत ते घर गंज पेठेत आहे. चौकात तुळशीवृंदावनाशी जोतीरावांची समाधी, आणि अस्पृश्यांसाठी 1868 मध्ये खुला केलेला पाण्याचा हौद. 1848 ची मुलींची शाळा भरली तो भिडे वाडा बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर. ती मोडकळीला आलेली इमारत डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी उतरवली गेली. जुना वाडा बघू म्हणून तिथे गेलात तर जुना वाडा दिसणार नाही.

*शनिवारवाडा हे नावालाच घर उरलं आहे.* 1828 च्या आगीनंतर आतले महाल राहिले नाहीत. तट, दिल्ली दरवाजा, नगारखाना, जोती आणि कारंज्यांचे हौद एवढं बघायला आहे. खोल्या, जिने, माजघर बघायचं असेल तर थोडं चालत विश्रामबागवाड्याकडे जा. लाकडी खांबांवरचं कोरीवकाम तिथे हाताच्या अंतरावर दिसतं.

*टिळकांचं घर कोणतं?* जन्म रत्नागिरीच्या टिळक आळीत, 23 जुलै 1856 ला. पुण्याचा केसरीवाडा हा मूळचा गायकवाडवाडा; तो त्यांनी बडोद्याच्या सयाजीरावांकडून 1905 मध्ये घेतला. पहिलं कोकणी कौलारू घर, दुसरा पेठेतला वाडा. एका सहलीत दोन्ही होणार नाहीत.

निघण्याआधी एक फोन

नेटवरच्या नकाशात ‘आता उघडं आहे’ असं हिरव्या अक्षरांत दिसतं, त्यावर विसंबू नका. ती वेळ तीन वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेनं भरलेली असू शकते. फोन करा, आणि ‘चालू आहे का?’ एवढंच विचारून ठेवून देऊ नका. चालू असतंच. विचारायचं ते असं:

1. आज नेमका कोणता भाग बघता येईल? वरचा मजला, चौक, मागचं परसू?
2. दुपारी बंद असतं का? किती ते किती?
3. शेवटचा प्रवेश किती वाजता? बंद होण्याची वेळ आणि आत सोडण्याची वेळ यांत अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर असतं.
4. किल्ली कुणाकडे असते?

चौथ्या प्रश्नाला हसू नका. लहान गावातल्या स्मारकाची किल्ली शेजारच्या किराणा दुकानात, ग्रामपंचायतीत किंवा ‘आत्ताच जेवायला गेलेल्या’ माणसाच्या खिशात असते. कोकणातल्या एका गावी मी अशा माणसाची दीड तास वाट पाहिली. तो आला तो सायकलवर, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी शहाळं. त्यानं घर इतकं जीव लावून दाखवलं, की दीड तास फुकट गेला असं म्हणायची सोय उरली नाही. पण माझ्याबरोबर लहान मूल असतं तर मी हे इतकं हसून लिहिलं नसतं.

दिवस निवडताना आणखी एक. जयंती-पुण्यतिथीला घर जागं असतं, पण बघता येत नाही. 11 एप्रिल आणि 28 नोव्हेंबरला फुले वाडा, 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला राजगृह, गणेशोत्सवात केसरीवाडा. अभिवादनाला जायचं असेल तर त्या दिवशीच जा. रांगेत उभं राहण्यालाही अर्थ असतो. खोल्या, वस्तू, पाट्या सावकाश बघायच्या असतील तर मधल्या आठवड्यातली सकाळ धरा. शाळांच्या सहली दहा-साडेदहाला उतरतात, त्याच्या आधी पोचलात तर घर तुमचं.

तिकीट, आणि परदेशातून आलेले आप्त

दर बदलत असतात म्हणून आकडे देत नाही. नियम मात्र माहीत असू द्या.

केंद्राच्या वास्तूंत 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. जागतिक वारसा दिनी, म्हणजे 18 एप्रिलला, आणि महिला दिनी महिलांना प्रवेश मोफत ठेवण्याची प्रथा आहे. त्या-त्या वर्षीची सूचना पाहून घ्या. परदेशी नागरिकांचा दर आपल्या दराच्या कितीतरी पट असतो, आणि खरा गोंधळ इथेच होतो. अमेरिकेतला भाचा आला, त्याचा पासपोर्ट निळा, खिडकीवरच्या माणसानं परदेशी तिकीट फाडलं. भाच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर राष्ट्रीय स्मारकं, ऐतिहासिक स्थळं आणि संग्रहालयांत त्याला भारतीयांच्याच दरानं प्रवेश मिळायला हवा. केंद्र सरकारची तशी अधिसूचना आहे. फक्त कार्ड हॉटेलात ठेवून ‘माझ्याकडे आहे’ म्हणून चालत नाही. मूळ कार्ड बरोबर असू द्या आणि तिकीट फाडण्याआधी दाखवा, नंतर नाही.

खासगी घरात हा नियम लागू करायला जाऊ नका. तिथे मालक सांगेल तो दर.

आणि सुटे पैसे ठेवा. क्यूआर कोड भिंतीवर असतो, पण दोन फुटी मातीच्या भिंतींच्या आत नेटवर्क येत नाही.

आत शिरल्यावर घाई नको

बहुतेक जण घर कसं बघतात? दारातून आत, काचेच्या कपाटातली तलवार, भिंतीवरची तसबीर, सेल्फी, दाराबाहेर. बारा मिनिटं. संग्रहालय असं बघितलं तर एक वेळ चालेल, घर नाही. घरातली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे घरच असतं.

सुरुवात दारापासून करा. वाड्याच्या मोठ्या दरवाज्याच्या एका फळीत छोटं दार असतं, तो दिंडी दरवाजा. मोठा दरवाजा हत्ती-घोड्यांसाठी, मिरवणुकीसाठी. रोजची ये-जा दिंडीतून. ती मुद्दामच बुटकी असते. वाकल्याशिवाय आत येता येत नाही आणि वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही. वाकताना खाली बघा. उंबऱ्याचं लाकूड मधोमध झिजून होडीसारखं झालेलं असतं. दोनशे वर्षांच्या पावलांचा तो हिशेब कुठल्याच पाटीवर लिहिलेला नसतो.

पुढे चौक. मिनिटभर तिथेच उभे राहा. बाहेर रस्त्यावर पस्तीस अंश आणि इथे गार कसं, याचं उत्तर डोक्यावर आणि पायाखाली आहे: उघडं आकाश, चहूबाजूंची पडवी, फरसबंदी, कुठे हौद. दिवसा सावली, रात्री वारा. चौक मोजा. एकचौकी वाडा सावकाराचा किंवा कारकुनाचा असू शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या चौकाला पोचलात की मालक सरदार-मुत्सद्दी असणार.

मग घर पुढून मागे वाचत जा. ओसरी-सोपा ही पुरुषांची, हिशेबाची, आल्या-गेल्याची जागा. माजघर बायकांचं, आणि तिथे उजेड कमी असतो हे लक्षात घ्या. खिडकी का नाही, हा प्रश्न मुलांना विचारू द्या. त्याचं उत्तर देताना तुमची थोडी पंचाईत होईल, ती होऊ द्या. त्यामागे स्वयंपाकघर: चूल आणि तिचा वैल, फडताळ, पाटा-वरवंटा ठेवण्याची खळगी, धान्याचं बळद. छताकडे पाहिलंत तर तुळया धुरानं काळ्या पडलेल्या दिसतील. दुरुस्तीत त्या घासूनपुसून चकचकीत केल्या असतील तर मला वाईट वाटतं. काजळी हाही पुरावाच होता.

एकदा मी एका वाड्याच्या माजघरात कोनाड्याशी उभा होतो. कोनाड्याच्या वरच्या कडेला तेलाचा काळपट ओघळ, आणि त्याच्या डावीकडे भिंतीत खिळा ठोकल्याचं भोक. पणती तिथे असायची आणि पणतीच्या वातींची पिशवी त्या खिळ्याला. घरातल्या कुणाला उजवीकडून पणती लावायची सवय असणार. पेशवाईवरची चार व्याख्यानं ऐकून ती बाई मला दिसली नव्हती. त्या ओघळात दिसली.

‘त्यांचं’ की ‘त्या काळातलं’?

थोर माणसाच्या घरात पाट्या बारकाईनं वाचा. ‘त्यांनी वापरलेली खुर्ची’ आणि ‘तत्कालीन खुर्ची’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरी खुर्ची मागाहून कुठूनतरी आणून ठेवलेली असू शकते. त्यात लबाडी नाही. रिकामी खोली कुणी बघत नाही म्हणून सजवतात. पण आपल्याला कळलेलं बरं. म्हणून तिथल्या माणसाला तीन गोष्टी विचारा: इमारत मूळची की पुन्हा उभारलेली? ही खोली तेव्हाही याच कामाची होती का? या वस्तूंपैकी त्यांच्या वापरातल्या कोणत्या?

मणिभवनात हा फरक छान उमगतो. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली जशी होती तशी मांडून ठेवली आहे. चरखे, बैठक, बाकी जवळजवळ काहीच नाही. ती काचेपलीकडून बघायची. गच्चीवर मात्र मांडलेलं काही नाही, आणि तिथेच 4 जानेवारी 1932 च्या पहाटे त्यांना अटक झाली. बाहुल्यांच्या देखाव्यांत मुलं रमतात, ती रमू देत. तुम्ही गच्चीवर जाऊन या.

सेवाग्रामला बापू कुटीत आणखी वेगळं. माती, बांबू, कौलं. चप्पल बाहेर काढून आत जायचं आणि उभ्यानं फेरी मारण्याऐवजी खाली बसायचं. बसल्यावर त्या खोलीची उंची कळते. ती बसणाऱ्या माणसाच्या मापानं केलेली आहे. सायंप्रार्थना आजही होते, ती साधेल अशा बेतानं पोचा.

आता वाटाड्यांबद्दल. स्थानिक माणूस घेतलात तर उत्तम, पैसे आधी ठरवा. त्याच्या गोष्टी ऐका, लिहून घ्या, पण ‘इथून भुयार थेट अमुक किल्ल्यावर निघतं’ हे ऐकलं की वहीत शेजारी छोटंसं प्रश्नचिन्ह काढा. महाराष्ट्रातली सगळी भुयारं खरी असती तर मेट्रोवाल्यांना खोदकाम करावंच लागलं नसतं.

जिथे माणसं राहतात तिथे

चांदोरचं घर मडगावहून फार लांब नाही. रस्त्याकडेला दोन मजली लांबच लांब दर्शनी भाग, खिडक्यांची रांग, आत नाचाचं दालन, झुंबरं, चिनी मातीची भांडी. बाहेरून एक दिसतं, पण घरं दोन आहेत. एका बाजूला मेनेझिस ब्रागांझा, दुसऱ्या बाजूला परेरा ब्रागांझा. लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांचा ग्रंथसंग्रह एकीकडे. पोर्तुगालच्या राजानं दिलेल्या खुर्च्या आणि खासगी प्रार्थनाघर दुसरीकडे. दोन्हीकडे वेगळे पैसे द्यायचे. एका बाजूला देऊन झाले म्हणून दुसरीकडे ‘आत्ताच तर दिले’ असं म्हणू नका. ते वेगळ्या कुटुंबाच्या कौलांसाठी असतात. एका बाजूला फोटो चालतात म्हणून दुसऱ्या बाजूला चालतीलच असंही नाही.

अशा घरात देणगी हीच दुरुस्तीची रक्कम असते. कोकण-गोव्याच्या पावसात एक कौल सरकलं की तुळई कुजायला दोन पावसाळे पुरतात. देणगीपेटीत दहाची नोट टाकून तासभर फिरणारे पाहुणे मी पाहिले आहेत. बाहेर त्यांनीच साठ रुपयांची कॉफी घेतली.

राहत्या घराचे काही साधे रिवाज:

- बेल किंवा कडी एकदाच वाजवा आणि थांबा. जेवणाच्या वेळी, म्हणजे एक ते तीन, जाऊच नका.
- घरातली आजी दाखवायला आली तर आधी तिचं ऐका. ‘यूट्यूबवर पाहिलंय आम्ही’ हे वाक्य गिळा.
- दार बंद असेल ती खोली तुमच्यासाठी नाही.
- खुर्चीत बसू का, हे विचारल्याशिवाय बसू नका. जुन्या वेताच्या खुर्च्या आपल्या पिढीच्या वजनाला तयार नसतात.
- ‘हे विकणार का?’ असं गमतीतसुद्धा विचारू नका.

मेणवलीला वाडा खासगी असला तरी थोडे पैसे घेऊन काही भाग दाखवला जातो. तो पाहून मागच्या दारानं कृष्णेच्या घाटावर उतरा. तिथल्या मंदिरापाशी मोठी घंटा टांगली आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू, आणि 1707 हे साल. वसईची मोहीम मराठ्यांनी 1739 मध्ये जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ती घंटा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, शंकराच्या दारात, मेरी. घंटा वाजवून बघायचा मोह आवरा, की न आवरा, ते तुमच्यावर सोडतो.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते रंगवणारे कारागीर काम करताना दिसतात. हात चालू असताना डोक्याजवळ मोबाइल नेऊ नका, एवढं पुरे.

फोटोंचं नेमकं काय?

सरकारी वास्तूंत मोबाइलनं साधा फोटो काढायला बहुतेक ठिकाणी आडकाठी नसते. तिपाई, मोठा कॅमेरा, ड्रोन यांना आधी लेखी परवानगी लागते. लग्नाआधीच्या फोटोंची जी टूम निघाली आहे तीही त्यातच आली. नऊवारी आणि फेटा बांधून गेलात म्हणजे वाडा पावतो असं नाही.

चित्रं, कापड, जुने कागद यांच्यासमोर फ्लॅश बंद. भिंतीवरचे रंग वनस्पतींचे आणि मातीचे असतात, प्रकाशानं ते विटतात, आणि विटलेला रंग परत येत नाही. हात लावू नका याचंही कारण तेच: घाम. एकट्या तुमच्या बोटानं काही होत नाही हे खरं, पण तुमच्यामागे चाळीस जणांची रांग आहे.

भिंतीवर नाव कोरणाऱ्यांसाठी: केंद्राच्या संरक्षित वास्तूचं नुकसान किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांना हे सांगा. बदामात बाण काढणारी सगळी मुलंच असतात असं नाही, मोठ्यांनाही सांगा.

गुडघे, जिने आणि व्हीलचेअर

माझ्या आत्याला वाडे फार आवडतात आणि तिचे गुडघे तिला साथ देत नाहीत. एका वाड्यात आम्ही तिकिटं काढून आत गेलो. सगळं बघण्यासारखं पहिल्या मजल्यावर, आणि वर जाणारा जिना भिंतीच्या पोटातून गेलेला, अंधारा, पायऱ्या वीतभर रुंद आणि दीड फूट उंच. धरायला काही नाही. आत्या तळमजल्यावर बाकावर बसून राहिली आणि मी वरून फोटो काढून तिला दाखवत होतो. पैसे परत मिळणार नव्हते. तेवढं दुःख पैशांचं नव्हतंच.

तेव्हापासून मी फोनवर आणखी एक प्रश्न विचारतो: तळमजल्यावर काय काय बघता येतं? आगाखान पॅलेसचं आवार आणि खालची दालनं थकलेल्या माणसाला झेपतात. विश्रामबागवाडा, मेणवली, पेठांमधले लहान वाडे इथे जिने कठीणच. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करायला सांगतो. जुन्या वास्तूत लिफ्ट बसवता येत नाही हे मान्य. पण दारात उतार, तळमजल्यावर बसायला जागा, वरच्या खोल्यांची चित्रफीत खाली दाखवणं, एवढं मागायला हरकत नाही. मागा.

स्वच्छतागृहाची चौकशी तिकीट काढतानाच करा. ‘मागं आहे’ याचा अर्थ कधी पन्नास पावलं असतो, कधी पुढचा पेट्रोल पंप.

तुमचं काय चालतं, काय नाही

पैसे घेतले तर पावती मागा, मग वास्तू सरकारी असो की न्यासाची. वाटाडा घेण्याची सक्ती करत असतील तर तसा लेखी नियम दाखवायला सांगा. तिकीट घेतल्यावर अर्धं घर बंद निघालं तर ते खिडकीपाशीच का सांगितलं नाही, हे तक्रारवहीत लिहा. वही नाही म्हणाले तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर राज्याच्या वास्तूची तक्रार नोंदवता येते.

एखादं राज्य संरक्षित घर वर्षानुवर्षं ‘दुरुस्तीसाठी बंद’ असेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत बसवायचा असतो, म्हणून रागाची प्रस्तावना लिहू नका. थेट विचारा: काम कधी सुरू झालं, मंजूर रक्कम किती, संपण्याची मुदत कोणती.

खासगी घराबाबत यातलं काहीही चालणार नाही. मालकानं आज नाही म्हटलं तर नाही.

लंडनला जाणार असाल तर

मराठी कुटुंबं लंडनला गेली की हल्ली 10, किंग हेन्रीज रोडवर जातात. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारनं ते घर 2015 मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी ते स्मारक म्हणून खुलं झालं. जवळचं ट्यूब स्टेशन चॉक फार्म, तिथून चालत जाता येतं.

हे ठिकाण शांत राहत्या गल्लीत आहे. घराचं संग्रहालय करायला तिथल्या पालिकेची वेगळी परवानगी लागते. ती 2018 मध्ये नाकारली गेली होती, आणि 2020 मध्ये ब्रिटिश सरकारनं ती दिली. तेव्हा दारासमोर बसभर माणसं उतरवून घोषणा, जेवणाचे डबे, फूटपाथवर सामूहिक फोटो असं करू नका. आत वाटेल तेवढा वेळ थांबा. निघण्याआधी वेळ तपासून घ्या. ते घर तरी या नियमाला अपवाद कशाला असेल?

जाता जाता वही

बहुतेक घरांत दाराशी अभिप्रायवही असते. तिच्यात लोक ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, ‘जय महाराष्ट्र’ लिहितात आणि खाली सही करतात. ही वही वरचे अधिकारी चाळतात, निदान काही ठिकाणी तरी. म्हणून एक ओळ कामाची लिहा: कोणती पाटी चुकली आहे, कुठे अंधार आहे, कुठे पाणी गळतंय, कोणी चांगलं दाखवलं.

आत्यानं त्या वाड्यात बाकावर बसल्या बसल्या वही मागवली आणि लिहिलं, ‘पूर्वी जिन्याला धरायला दोर असे. तो लावा.’ दीड वर्षानं मी एकटाच तिकडे गेलो होतो. बाकी सगळं होतं तसंच, बल्बसुद्धा गेलेलाच. पण वरच्या तुळईला बांधून खालच्या पायरीपर्यंत जाडजूड नवा काथ्याचा दोर सोडला होता. आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, गाठी मारल्यात का मधे मधे? नसतील तर परत लिही.